वाकळीच्या कानात सांगितलेलं नाव

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझ्या थोरल्या बहिणीनं एकदा कुठल्याशा महाराजांचा अंगारा पुडीत बांधून आणला होता, तर मी त्यानं देवघरातली समई घासली. लख्ख निघाली! तेव्हापासून बहीण माझ्यापुढं हे विषय काढत नाही. इथं तुम्हा मंडळींचे अनुभव मी वाचते, पण खरं सांगू का, निम्म्या वेळा हसण्यासाठी वाचते. आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा, माझी हरकत नाही.

मी संभाजीनगरला मुकुंदवाडीत राहते. शिवणकामाची मास्तरीण होते, आता निवृत्त आहे. बत्तीस वर्षं पोरींना काजं, बटणं आणि ब्लाऊजच्या बाह्या शिकवल्या. समोर माणूस आला की आधी त्याच्या कपड्याची शिलाई बघायची आणि मग तोंड, ही माझी खोड. आमचे हे म्हणायचे, तू लग्नातसुद्धा माझ्या कॉलरकडंच बघत होतीस. खरं आहे ते. कॉलर वाकडी होती.

लातूर-धाराशिवकडचा तो भूकंप... मराठवाड्यातल्या माणसाला त्याचं साल सांगावं लागत नाही. गणपती बुडवले ती रात्र म्हटलं की पुरे. त्यानंतर दीडेक महिन्यानं आमच्या शहरातल्या एका संस्थेनं मला विचारलं — तिथल्या बायकांच्या हाताला काम हवंय, शिवण शिकवायला जाल का? मी ह्यांना कुकर लावायला शिकवला आणि गेले. गावाचं नाव लिहीत नाही. ते गाव आता नुसतं दगडांचं आहे, आणि माणसं चार किलोमीटरवरच्या नव्या गावात राहतात.

तेव्हा नवं गाव झालेलं नव्हतं. पत्र्याच्या शेडांच्या रांगा होत्या. आणि रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग... देशभरातून ट्रकच्या ट्रक आले होते. लोकांनी चांगल्या मनानंच दिले असणार. पण त्यात काय नव्हतं? जीनच्या पँटी, बिनबाह्यांचे गाऊन, एका पायाचे मोजे, कुणाचा तरी लग्नातला कोट. जी बाई नवऱ्याला आणि सासूला एकाच सरणावर ठेवून आलीय तिनं तो गाऊन घालून कुठं जायचं? आणि आपल्याकडं दुसऱ्याचं उतरलेलं सहजी अंगावर घालवत नाही. ढीग तसेच पडून होते, त्यांच्यावर कुत्री झोपायची.

मी आपली शिलाई मशिनी घेऊन गेले होते. वीज तर सोडाच, मशीन ठेवायला सपाट जमीन नव्हती. बायका समोर येऊन बसायच्या, मशीनकडं बघायच्या आणि उठून जायच्या. आठवडाभर माझ्या शिकवणीचा हा असा बोजवारा उडाल्यावर एका म्हातारीनं ढिगातनं एक सुती लुगडं ओढलं, बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाली, "बाई, ह्याची वाकळ व्हईल की."

वाकळ म्हणजे गोधडी. त्या दिवसापासून मी मास्तरीण राहिले नाही, विद्यार्थीण झाले. त्या ढिगांतनं धड कपडा निवडायचा, धुवायचा, थरावर थर अंथरायचे आणि हातानं धावदोरा घालत जायचं. ह्या वाकळी शहरात प्रदर्शन भरवून विकायच्या असं ठरलं. शेडांमध्ये पहिल्यांदा बायकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. कधी कधी भांडणंसुद्धा. मला त्या भांडणांचा इतका आनंद व्हायचा म्हणून सांगू!

आता त्यांची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे.

वाकळीचे तीन कोपरे आधी शिवून घ्यायचे. चौथा, शेवटचा कोपरा, म्हणजे वाकळीचा 'कान'. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ना, तसं ही वाकळ जो पांघरणार त्याचं नाव त्या कानात सांगायचं आणि मग टाके घालून तो बंद करायचा. म्हणजे वाकळ त्या माणसाला धरून राहते म्हणे. पहिल्या वाकळी कानापर्यंत आल्या आणि सगळ्याजणी थांबल्या.

"बाई, कुनाचं नाव सांगावं? घेनार कोन हाय ते ठावं नाय."

प्रदर्शन आठ दिवसांवर आलं होतं. माझं डोकं फिरलेलं. मी म्हटलं, "सांगा कुणाचंही! पण टाके घाला."

त्यांनी सांगितलं. मला वाटलं होतं घाईघाईनं काहीतरी पुटपुटतील. पण एकेक बाई त्या कोपऱ्याला तोंड लावून बराच वेळ बसायची, मग डोळे पुसून सुईत दोरा ओवायची. नंतर ती म्हातारी मला म्हणाली, "जित्या कुनाचं सांगावं, बाई? आमी आमच्या गेलेल्यांचीच सांगितली." आणि लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार काय आला, तर गिऱ्हाइकाला हे कळता कामा नये.

त्यांच्यातच शेवंताबाई होती. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. भूकंपाच्या वेळी ती दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी होती, मांडीवर महिन्याचा मुलगा. घरी नवरा, सासू, दीर आणि चार वर्षांची मुलगी. मुलीला ती बरोबर नेणार होती, पण गणपती बघायचेत म्हणून पोरगी रडून रडून मागं राहिली. चौघंही गेली. शेवंताबाई कमी बोलायची आणि सगळ्यात बारीक टाका तिचा होता. दोरा लालच हवा असायचा. बाकीच्या बाहेरून आत शिवत जायच्या, ही मधोमध सुरुवात करून बाहेर यायची. तिचं काम मी हजारांत ओळखलं असतं.

तिची वाकळ पुरी झाल्यावर शेवंताबाई ती घेऊन माझ्याकडं आली. "बाई, ही मी ठिवून घिऊ का?"

मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "शेवंताबाई, आधीच कमी भरतायत. ही द्या, स्वतःसाठी निवांत दुसरी शिवा." तिनं निमूटपणे घडी घालून दिली. दुसरी तिनं स्वतःसाठी कधीच शिवली नाही, हे मला तीस वर्षांनी कळलं.

प्रदर्शन छान झालं. बायकांचा तो गट अजूनही नव्या गावात चालतो, आता तर त्यांच्या सुना मोबाइलवर ऑर्डरी घेतात. शेवंताबाईची ती वाकळ माझ्याच क्लासातल्या शकीलानं घेतली होती. विक्रीला मदत करायला आली आणि आपल्या दोन वर्षांच्या मुलासाठी घेऊन गेली. विषय संपला. म्हणजे मला तसं वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात एक फोन आला. "बाई, मी शेवंताबाईचा दत्ता बोलतोय." तो महिन्याचा मुलगा! आता चिकलठाण्याला कंपनीत आहे, तिथंच एका नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतलाय. आईच्या अंगावरून वारं गेलंय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि ती सारखं 'शिवनवाल्या बाईला बोलवा' म्हणतेय. नंबर गावच्या गटातनं मिळवला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. शेवंताबाई खिडकीजवळच्या पलंगावर होती, एवढीशी झालेली. चेहऱ्याची उजवी बाजू हलत नव्हती. मला बघून डाव्या डोळ्यातनं पाणी आलं.

"बाई, नाव गेलं," ती म्हणाली.

मला कळेना. दत्तानं सांगितलं — आईला सगळं आठवतंय, फक्त बहिणीचं नाव आठवत नाही.

"सुनंदा ना? गेलेल्यांच्या यादीत होतं की," मी म्हटलं.

शेवंताबाई इतकी चिडली की उशी सरकली. "ते कागदावरचं! मी तिला सुनंदा कवा म्हनले नाय. घरची हाक येगळी व्हती. घर हाय ध्यानात, कोनाडा हाय, तिचा पिवळा झगा हाय. हाकच नाय."

दत्ता हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी सगळं करून बघितलं. सोनी, चिमी, बेबी, ठकी... पन्नास नावं घेतली असतील. प्रत्येकाला नाही म्हणते. मामाला विचारलं, तो म्हणतो आम्ही माहेरची माणसं सुनंदाच म्हणायचो. त्या नावानं हाक मारणारे घरातले तर सगळे..." तो थांबला. "आणि मला तिनं कधी सांगितलंच नाही. विचारलं की म्हणायची, ते नाव वाकळीत ठेवलंय."

त्या क्षणी मला ती घडी घालून दिलेली वाकळ आठवली. माझ्या हातात दिलेली.

"शेवंताबाई," मी म्हटलं, "अहो, वाकळ कापडाची असते. ती काय बोलणार?"

"बोलती म्हून कुटं म्हनले मी? मला निसता कान लावू द्या." मग जरा दम खाऊन म्हणाली, "मी आता चालले, बाई. वर लई मानसं असतील. आमच्या गावचीच किती हायती. त्यात एवढीशी पोर. हाकच मारता आली नाय तर ती वळंल कशी?"

तिला म्हटलं, बघते.

घरी आले आणि स्वतःवरच चिडले. तीस वर्षं वापरलेली गोधडी राहते होय कुठं? एव्हाना तिची पायपुसणी होऊन तीही फाटली असणार. पण करणं भाग होतं. जुन्या विद्यार्थिनींना फोन करत करत शकीलाचा पत्ता लागला. ती आता हर्सूलला राहते. दुपारी रिक्षा करून गेले. शकीला स्वतःच आजी झालीय, चष्मा लागलाय, पण कुर्त्याचं फिटिंग अजून माझ्या क्लासातलं.

"मॅडम! आप?" म्हणत तिनं मला अक्षरशः ओढून आत नेलं. चहा झाला. मी भीतभीतच विचारलं, ती प्रदर्शनातली गोधडी... आहे का गं अजून?

"है ना!" शकीला म्हणाली आणि आतल्या खोलीकडं तोंड करून तिनं हाक दिली, "अगे, हुरडी कू बाहर ला जरा!"

मला वाटलं, नातीला बोलावतेय. मी पर्समधली चॉकलेटं काढून तयार बसले. आतून सून आली, तिच्या हातात वाकळ होती.

"हुरडी कोण?" मी विचारलं.

"येइच हुरडी!" शकीला हसली. "मेरा बड़ा बेटा, तब दो साल का था, बोलना भी नईं आता था. अब्बा और पानी, बस. मैं ये घर लाई, दोपहर में उसको ओढ़ाई. सो के उठा तो इसपे हाथ फेर फेर के बोलने लगा — हुरडी, हुरडी. हमकू लगा गोदडी बोल रा, तुतला के. तब से येइच नाम पड़ गया. मेरे चारों बच्चे, अब पोते, सब हुरडीच बोलते. इसके बगैर सोते नईं."

अर्थात! गोदडीचं हुरडी. लहान मुलं काय वाट्टेल ते करतात शब्दांचं, माझा भाचा मला 'माची' म्हणायचा. मी हसले आणि वाकळ हातात घेतली. काम शेवंताबाईचंच. वरचं कापड शकीलानं दोनदा बदललं होतं, कडा नव्यानं बांधल्या होत्या. एक कोपरा मात्र जुनाच होता, आणि त्यावरचा लाल दोरा होता तसाच. "ये कोना कभी उधड़ाच नईं, मॅडम," शकीला म्हणाली. सुती दोरा तीस वर्षांच्या धुण्यात टिकत नाही, हे मी पोरींना बत्तीस वर्षं शिकवलं. तरी म्हटलं, असेल एखादा चिवट रीळ.

मी तिला सगळं सांगितलं. कानात नाव सांगायची रीत, शेवंताबाईची मुलगी, हरवलेली हाक. शकीला ओढणीनं डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, "ले जाना नईं. मैं खुद लेके आती." आम्ही त्याच रिक्षानं चिकलठाण्याला निघालो. वाटेत ती वाकळ मांडीवर घेऊन बसली होती.

आता तुम्ही विचाराल, बाई, तुम्हाला वाटेत शंकासुद्धा आली नाही? नाही आली. शप्पथ. दोन वर्षांच्या पोराचं बोबडं बोलणं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि शकीलानं ते शेवंताबाईला मुद्दाम सांगावं, असंही आमच्यात काही ठरलं नव्हतं.

चार वाजले असतील. खिडकीतनं ऊन पलंगावर आलं होतं. दत्ता कामावर न जाता थांबला होता. मी आधी वाकळीचा तो कोपरा शेवंताबाईच्या हातात दिला. तिनं तो चाचपला, लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला आणि कानाला लावला. खूप वेळ. मग तिनं मान हलवली. नाही. तिच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. मी वेड्यासारखी हिला आशा लावली, असं वाटलं.

शकीला पुढं झाली. आजारी माणसाला करतो तसं तिनं वाकळ उलगडली आणि शेवंताबाईच्या पायांवरून वर ओढत, आपल्या नातवंडांशी बोलावं तशी म्हणाली, "ठंड लगती होगी अम्मा. लो, हुरडी कू ओढ़ लो."

शेवंताबाईचा डावा हात हवेत थांबला.

"काय म्हनलीस?"

शकीला घाबरली. "क्या... क्या हुआ? मैं बोली, हुरडी..."

शेवंताबाईनं डोळे मिटले. तोंडाची ती एकच बाजू हलत होती. आणि मग गल्लीच्या टोकाला खेळणाऱ्या पोरीला घरातनं हाक मारावी तशी हाक तिनं मारली. कुठनं आली एवढी ताकद, देव जाणे. "एऽ हुरडेऽऽ!"

दत्ता पुढं होऊन पलंगापाशी बसला.

"हुरड्याच्या दिसांत झाली," शेवंताबाई सांगत होती, शब्द तुटत होते पण थांबत नव्हती. "रानात आगटीपाशी बसलेली मी, तितंच कळा सुरू झाल्या. सासू म्हनली, कवळा हुरडा खाता खाता पोर आली. हुरडीच म्हनायचो समदे. हुरडे... कुटं व्हतीस गं? लई वाट बघाया लावलीस माय..." ती वाकळ छातीशी धरून ती रडली आणि हसलीही. मी तिला पत्र्याच्या शेडातही कधी हसताना बघितलं नव्हतं.

निघताना शकीलानंच म्हटलं, "अम्मा, रख लो. आपकीच है." तिच्या घरातली पोरं त्या रात्री झोपणार नाहीत हे ठाऊक असून म्हटलं. दत्तानंही हात जोडले — राहू द्या मायजवळ. मला तर वाटलं, तीस वर्षांपूर्वीची माझी चूक आज फिटतेय.

शेवंताबाईनं वाकळ पलंगाच्या कडेला सारली.

"नाय. निऊन जा, माय. मी आज हाय, उद्या नाय. हितं तिला कोन हाक मारनार? तुज्या घरी लेकरं हायती. रोज हाक मारतेत." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, तवा तुमी इकली ते बरंच झालं. माझ्यापाशी ऱ्हायली असती तर माझ्यासंगंच गेली असती."

मला तिथंच हुंदका फुटला. माफी मागायची राहून गेली.

ती बारा दिवसांनी गेली. दत्ता म्हणाला, शेवटच्या सकाळी कुणाला तरी हाक मारत होती, स्पष्ट.

मी ह्यावर पुष्कळ डोकं चालवलं. लहान मूल गोदडीला हुरडी म्हणू शकतं, मान्य. मरणाच्या दारात असलेली बाई कुठलंही नाव आपलं मानू शकते, तेही मान्य. पण मग पन्नास नावांना ती नाही का म्हणाली? आणि शकीला तरी ते नाव कुठनं आणणार? त्या कोपऱ्यात तोंड घालून शेवंताबाई बोलली तेव्हा तिथं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. मी दहा पावलांवर होते, आणि मला ऐकू आलं नव्हतं. एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले योगायोग. असेल बाबा. तुमच्यात कुणाकडं याचं दुसरं उत्तर असेल तर जरूर लिहा. पण त्या वेळी विकलेल्या बाकीच्या वाकळी ह्याच शहरात कुठं कुठं आहेत. कुणाच्या गच्चीत गोधडी वाळत घातलेली दिसली की मी थांबते आणि तिचा चौथा कोपरा शोधते. लोकांना वाटतं म्हातारी शिलाई बघतेय.

परवा शकीलाचा फोन होता. इकडचं तिकडचं बोलत होतो. मागून तिच्या सुनेचा आवाज आला, "हुरडी किधर है रे?"

आणि कुणीतरी लहान आवाजात ओरडलं, "मेरे पास!"